काळ्या टाकीचं विरजण

माझ्या अंगाला कुजक्या अंड्यांचा वास येतो, हे मला पहिल्यांदा कळलं ते सांगलीच्या बसमध्ये. शेजारी बसलेल्या बाईंनी पदर नाकाला लावला, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उठून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. एरवी मी असलं ऐकून घेत नाही, मागे वळून दोन शब्द सुनावलेच असते. पण त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं हळदीसारखं पिवळं पाणी पहिल्यांदाच नितळ झालं होतं. मी एवढ्या खुशीत होते की आख्खी बस उठून गेली असती तरी चाललं असतं. त्या वासाची मला तेव्हापासून कधी लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर अभिमानच वाटतो.

मी सांगलीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. उरलेल्या वेळात जीवाणू पाळते. लोक कोंबड्या पाळतात, आमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या मेंढरं पाळली, मी डोळ्यांना न दिसणारी जनावरं पाळते, एवढाच फरक. नटबोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवणारे लहान लहान कारखाने आमच्या भागात बरेच आहेत. मुलाम्यानंतर माल क्रोमियमच्या पिवळ्या पाण्यात बुडवतात, म्हणजे तो गंजत नाही. माल चकचकीत होऊन निघून जातो आणि मागं राहतं ते धुण्याचं पाणी. त्या पाण्यातलं जस्त आणि क्रोमियम कुजत नाही, जळत नाही, उन्हानं उडून जात नाही. ओढ्यात सोडलं की गाळात बसतं, तिथून विहिरीत उतरतं आणि विहिरीतून माणसांच्या पोटात.

माझे जीवाणू हवेशिवाय जगतात. आपल्याला जशी हवा लागते तसे त्यांना गंधकाचे क्षार लागतात, आणि खायला काहीतरी गोड. साखर कारखान्याची मळी ते मिटक्या मारत खातात. खाऊन झालं की एक वायू सोडतात, त्याचाच तो वास. हा वायू पाण्यातल्या जस्ताला धरतो आणि त्याचे काळे कण करून तळाला बसवतो. विषारी पिवळ्या क्रोमियमचाही पिवळेपणा आणि विखार दोन्ही जातात आणि तेही खाली बसतं. वरचं पाणी नितळ, खालचा गाळ काळाकुट्ट. वर्गातल्या पोरींना मी हे दोन तास शिकवते, पण खरं म्हणजे एवढंच आहे.

हे जीवाणू मी सुरुवातीला एका मोठ्या शहरातल्या संस्थेकडून मागवले होते. ते थर्मोकोलच्या पेटीतून बर्फात बसून आले आणि आमच्या पाण्यात चार दिवसांत मेले. पुन्हा मागवले, पुन्हा मेले. तिसऱ्या वेळी मी चिडले आणि कुंडलच्या बाजूला असलेल्या एका मुलाम्याच्या कारखान्यामागचा काळा चिखल बादलीत भरून आणला. वर्षानुवर्षं तेच विष पिऊन त्या चिखलात जे कोणी जगत असेल, त्याला आमचं पाणी नवीन नव्हतं. त्यातलेच जीवाणू वाढवले आणि तेच टिकले. सोबतचे प्राध्यापक मला 'चिखलवाली मॅडम' म्हणू लागले. मी ते नाव तक्रार न करता घेतलं.

ज्या कारखान्याच्या मागून चिखल आणला, तिथंच पुढे खरी टाकी उभी राहिली. मालक लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. घरी उसाची बागायत, पण पलटणीतून आल्यावर त्यांना शेतात मन रमेना म्हणून त्यांनी हा कारखाना काढला. बावीस माणसं कामाला होती. प्रदूषणाच्या खात्यानं त्यांना नोटीस दिली होती, कारण चुना आणि रसायनं घालूनही त्यांचं पाणी तपासणीत बसत नव्हतं. मी गेले तेव्हा त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे म्याडम, आमी आता किडं पाळायचं?"

"हो," मी म्हणाले. "आणि त्यांना वेळेवर जेवण द्यायचं. पलटणीसारखं."

ते हसले आणि टाकी बांधायला तयार झाले. दहा हजार लिटरची, अर्धी जमिनीत, वर घट्ट झाकण. झाकणातून निघणारा वायू लोखंडाच्या किसाच्या पिंपातून जायचा, म्हणजे तो आवारात पसरू नये. तरी थोडा पसरायचाच.

टाकीची देखभाल फोरमनकडे होती. पन्नाशीचा गृहस्थ, धुतलेला शर्ट, कपाळाला गंध, बोलणं कमी. बाकीची माणसं नाक दाबून लांबून जायची, हा मात्र सकाळी आल्याबरोबर टाकीला हात लावून नमस्कार करायचा आणि मग मोजून मळी घालायचा. त्याचं काही चुकू नये म्हणून मी एक फलक रंगवून घेतला होता. त्यावर सात सूचना होत्या. फोरमनला त्या पाठ होत्या. या फलकाकडे आपण परत येणार आहोत, आणि तेव्हा मला फारसं बरं वाटणार नाही.

टाकीचा जम बसायला वर्ष गेलं. मग एका सकाळी फोरमननं काचेच्या ग्लासात पाणी धरून मला दाखवलं. पलीकडची कारखान्याची पाटी त्यातून वाचता येत होती. खात्याचे अधिकारी आले, नमुना घेऊन गेले, तो पास झाला. सहा महिन्यांनी दुसरा पास झाला. तिसरा पास झाला की कारखान्यावरची टांगती नोटीस रद्द होणार होती आणि ही पद्धत कायमची मंजूर होणार होती. नापास झाला तर टाळं. तिसऱ्या नमुन्याची तारीख आली ती दिवाळीनंतरच्या आठवड्यातली.

यात माझी आई कुठून आली, ते आता सांगते.

आई राहते साताऱ्याच्या पूर्वेला, फलटणच्याही पलीकडच्या कोरड्या माळावर, एका वस्तीवर. चौदा घरं, सगळी आमच्याच भावकीची. वडील गेल्यावर तिनं मेंढरं कमी केली, एक म्हैस ठेवली. लिहिता वाचता येत नाही. मी डॉक्टरेट मिळवली तेव्हा तिनं वस्तीवर सांगितलं होतं, "पोरगी डाक्टर झाली, पर औषीद देत न्हाई."

ती एकदा कुंडलच्या पाहुण्यांकडे लग्नाला आली तेव्हा मी तिला टाकी दाखवायला नेलं. मनातून धाकधूक होती. एवढं शिकून लेक घाणीत हात घालते, हे आईला कसं दाखवायचं? फोरमननं झाकण जरासं उचललं. आई वाकली, तिनं वास घेतला, पण नाकाला पदर लावला नाही.

"खायाला काय घालतीस?"

"मळी."

"आन् हे आलं कुठनं?"

मी सांगितलं, ह्याच कारखान्यामागच्या चिखलातून, दीड वर्ष वाढवलं, थोडं थोडं विष पाजून सवयीचं केलं. तिनं मान डोलावली, जणू मी तिला नवीन काहीच सांगितलं नव्हतं.

"म्हंजी विरजण हाय," ती म्हणाली. "मग ह्येचं विरजण कुणाच्या घरी ठिवलंयस?"

मी हसले. आमच्या घरी दह्याच्या विरजणाचे नियम होते ते मला ठाऊक होते. आई आपलं विरजण नेहमी दोन शेजारणींकडे ठेवायची. ठेवायची म्हणजे रोज देवाणघेवाण चालायची. हिच्या वाटीतलं तिच्या गाडग्यात, तिच्यातलं तिसरीकडे. उन्हाळ्यात आमचं दही नासलं, मांजरानं सांडलं, म्हैस आटली, तरी विरजण वस्तीवर कुठंतरी असायचंच. मागायला आलेलीला नाही म्हणायचं नाही, आणि देताना भांडं पुरतं रिकामं करायचं नाही, तळाला थोडं ठेवायचं. शिवाय विरजण मेलं असं कधी म्हणायचं नाही. मी लहानपणी एकदा म्हणाले होते तर पाठीत धपाटा बसला होता.

"आई, हे दही नाही," मी म्हणाले. "प्रयोगशाळेत माझ्या बाटल्या आहेत."

"बाटलीत कितीक मावतं?"

"शंभर मिली."

तिला मिली कळलं नसावं, पण माझ्या बोटांचं माप कळलं. ती फोरमनकडे वळली. "दादा, तेलाचा रिकामा डबा हाय का? झाकणाचा?"

फोरमननं माझ्याकडे पाहिलं. मी, तिची हौस म्हणून, मान हलवली. त्यानं पाच लिटरचा कॅन काठोकाठ भरून दिला. हवा लागली तर जीवाणू मरतात म्हणून मी बजावलं, झाकण अजिबात उघडायचं नाही. त्यांना गंधकाचे क्षार लागतात म्हणून जिप्समची एक पिशवीही दिली. शेतात टाकतात तेच जिप्सम. मला वाटलं, दोन दिवसांत ती हे सगळं उकिरड्यावर ओतेल.

त्या कॅननं एसटीत काय केलं, ते तिनं मला फोनवर सांगितलं. विट्यापर्यंत सगळं ठीक होतं. विट्याच्या पुढं, ऐन उन्हात, आतल्या वायूनं कॅन टम्म फुगला आणि झाकणातून सूं करून आवाज यायला लागला. मग वास. पुढच्या चार सीटा रिकाम्या झाल्या. कंडक्टर आला आणि म्हणाला, "मावशे, काय मेलंय पिशवीत?"

"मेलं न्हाई, जितं हाय," आईनं सांगितलं. "विरजण हाय. शिवू नगंस."

"कसलं विरजण?"

"लेकीच्या कारखान्याचं."

कंडक्टरनं तिला शेवटच्या सीटवर खिडकीपाशी बसवलं आणि दहिवडी येईपर्यंत तिकडं फिरकला नाही. मी फोनवर पोट धरून हसले. आणि मग ती गोष्ट मी विसरले.

सात-आठ महिन्यांनी दसरा आला. आमच्या भागात खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी काम बंद ठेवून यंत्रं धुतात, पुसतात, तेल देतात. लेथवर झेंडूची माळ, पान्यांवर हळदकुंकू, सगळ्या आवारात रांगोळी. सुभेदारसाहेब मला दरवर्षी बोलवायचे. मी नवी साडी नेसून अकरा वाजता पोचले, गेटातून आत शिरले आणि जागच्या जागी थांबले.

वास येत नव्हता.

झेंडूचा येत होता, उदबत्तीचा येत होता, पण माझा वास येत नव्हता. मी साडी वर धरून मागच्या बाजूला धावले. टाकीचं झाकण उघडं होतं. आतून बाहेरून घासलेली, चुन्यानं पांढरी केलेली. कडेला गंधाची पाच बोटं, वर सगळ्यांत मोठी माळ, समोर नारळ. फोरमन हात जोडून उभा होता, आणि एवढा आनंदलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"बघा म्याडम. गेल्या दसऱ्याला ऱ्हायली हुती, म्हून काल दिसभर मीच घासलीया. लय गाळ हुता. सगळा काढला आन् वाळवायच्या वाफ्यावर टाकला. वास ऱ्हाऊ नये म्हून वर बिलिचिंग पावडर मारलीया, आख्खी गोणी."

मी जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या माळावरची माणसं मेंढरांवर ओरडतात ती हाळी एक मैल जाते, आणि तो आवाज मला वारशानं मिळालेला आहे. पूजेची माणसं धावत आली. तुम्ही दोन वर्षं मारलीत, बावीस घरं बुडवलीत, डोकं कुठं ठेवलं होतं, असं काय काय मी बोलत गेले. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. तो शेवटी फक्त एवढं म्हणाला, "आवं, देवाच्या पूजेला टाकी तशीच कशी ठिवायची? सगळ्यात मोठं यंत्र आपलं हेच न्हवं का?"

आणि मग त्यानं हात करून भिंतीवरच्या फलकाकडे दाखवलं. भांडायला नव्हे, आपलं काही चुकलं का ते विचारायला.

माझ्याच हस्ताक्षरावरून रंगवलेला फलक. सूचना क्रमांक एक: टाकी नेहमी स्वच्छ ठेवावी.

मला म्हणायचं होतं, टाकीच्या भोवतालची जागा स्वच्छ ठेवावी. लिहिताना सवयीनं लिहून गेले. सरकारी दवाखान्यात, शाळेत, एसटी स्टँडवर जिथं तिथं जे लिहिलेलं असतं तेच लिहिलं, आणि सगळ्यांत वर लिहिलं. टाकीतली घाण म्हणजेच टाकीचा जीव आहे, हे वाक्य मी वर्गात शंभरदा बोलले असेन. फलकावर ते कुठंच नव्हतं. मी पायरीवर बसले. सुभेदारसाहेब आले, त्यांनी सगळं पाहिलं, कुणालाच काही बोलले नाहीत. म्हणाले, "आधी पूजा उरकू. मग बघू काय करायचं."

पूजा झाली. मी फोरमनची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत, कारण ओरडले होते तेही सगळ्यांच्या देखतच. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या म्याडम," आणि तोंड फिरवून माळ काढायला लागला. मला स्वतःची भयंकर शरम वाटली.

हिशोब सोपा होता आणि वाईट होता. वाफ्यावरचा गाळ ब्लीचिंग पावडरीनं मेलेला. प्रयोगशाळेत शंभर मिलीच्या चार बाटल्या. चमच्याभर विरजणानं हौद लावायचा झाला तर जेवढे दिवस लागतील तेवढे लागणार होते, म्हणजे तीन महिने तरी. हातात होते चार आठवडे. काम पूर्ण बंद ठेवलं तरी नमुन्याच्या दिवशी टाकी चालू दिसली पाहिजे, असं खात्याच्या पत्रात स्पष्ट होतं.

संध्याकाळच्या आत मी आईला फोन केला. मदत मागायला नव्हे, रडायला केला. तो पाच लिटरचा कॅन माझ्या डोक्यातही नव्हता.

"आये, टाकीतलं सगळं विरजण मेलं."

पलीकडून करडा आवाज आला. "मेलं म्हनू नगंस. कितींदा सांगितलंय?"

"अगं, खरंच सगळं..."

"कितीक पायजे?"

"काय कितीक?"

"विरजण, बाई. गाडी मोठी आण. डबं घिऊन यिऊ नगंस, पुरायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दसरा होता. सुभेदारसाहेबांचा टेम्पो घेऊन मी आणि फोरमन पहाटेच निघालो. ड्रायव्हरला सुट्टी होती म्हणून टेम्पो फोरमनच चालवत होता. मायणीच्या पुढं तो एकदाच म्हणाला, "तुमच्या आयसायबांनी खरंच जपून ठिवलं आसंल?" मी म्हणाले, माहीत नाही. मनात म्हणाले, पाच लिटरमधलं दोन लिटर जरी जिवंत असलं तरी मी तिच्या पाया पडेन.

वस्तीवर पोचलो आणि टेम्पोतून उतरायच्या आधीच मला वास आला. माझा वास! मी टेम्पोतच रडायला लागले.

मेंढरांच्या वाड्याच्या कोपऱ्यात, सावलीला, दोनशे लिटरचं निळं पिंप उभं होतं. टँकरचं पाणी साठवायची ही पिंपं पूर्वी आमच्या प्रत्येक दारात असायची. कालव्याचं पाणी आलं तशी ती रिकामी पडली होती. आईनं पिंपाचं झाकण शेणामातीनं लिंपून टाकलं होतं, कणगी लिंपतात तसं, आणि मधे बोटभर भोक ठेवून त्यात नळी घातली होती. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या गाडग्यात बुडवलेलं. आतला वायू बुडबुड करत बाहेर पडत होता, बाहेरची हवा आत जात नव्हती. हीच रचना करायला मी विद्यार्थ्यांना आकृती काढून देते.

"नळीचं तुला कुणी सांगितलं?"

"कॅन फुगला न्हवता का एस्टीत? म्हटलं ह्येला सुस्कारा टाकाया जागा पायजे."

खायला ती काळा गूळ घालत होती, जनावरांना देतात तो, कोमट पाण्यात विरघळवून, दर सोमवारी. जिप्सम मूठभर. आणि तिच्या मनानं मूठभर लेंडीखत, "नुसत्या गोडावर कोण जगतंय?" म्हणून. तेही बरोबरच होतं. नुसत्या मळीवर माझेही जीवाणू मरगळायचे आणि मला त्यांना वरून खतं घालावी लागायची.

"पाच लिटरचं दोनशे कसं काय केलंस?"

"टाकी केवडी हाय ते बघितलं हुतं की मी. हौदाला वाटीभर विरजण लावत्यात व्हय?"

मी पिंपाला हात लावून उभी राहिले. आतून ऊब येत होती. फोरमन खाली वाकला, सकाळी टाकीला करायचा तसा त्यानं पिंपाला नमस्कार केला आणि मग आईला केला. आई म्हणाली, "ह्ये एक झालं. चल, बाकीची दावते."

बाकीची दोन होती. एक थोरल्या चुलतीच्या गोठ्यात, एक पलीकडच्या वहिनीच्या चुलवणामागं. तशीच लिंपलेली, तशीच नळी घातलेली. आईनं आपलं पिंप भरल्या भरल्या दोघींना विरजण वाटून टाकलं होतं. त्या दोघींनी इतके महिने, हे काय आहे आणि कशाला आहे ते धड माहीत नसताना, दर सोमवारी गुळाचं पाणी घातलं होतं. चुलतीच्या घरी त्यावरून भांडणही झालं होतं. तिचा मुलगा म्हणाला होता, हा वास घरात राहील किंवा मी राहीन. चुलतीनं त्याला सांगितलं, तुला हवं तिथं जा, विरजण दुसऱ्याचं आहे.

तीन पिंपं, तीन घरं. टेम्पोत रिकामी पिंपं चढवून आम्ही त्यात नळीनं भरून घ्यायला लागलो. तिघी बायका कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. पाणी तळाजवळ आलं तशी वहिनी पुढं आली आणि तिनं फोरमनच्या हातातली नळी दाबून धरली. "दादा, बास. तळाला थोडं ठिवायचं असतंय."

फोरमननं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं निमूटपणे नळी बाहेर काढली.

आई टेम्पोतून आमच्याबरोबर आली आणि सतरा दिवस माझ्याकडे राहिली. रोज सकाळी कारखान्यात. मी मापं सांगायचे, चुना किती, मळी किती, पिवळं पाणी पहिल्या आठवड्यात थेंबाथेंबानं, मग तांब्यानं, मग बादलीनं. आई टाकीच्या कडेला बसून वास घ्यायची आणि म्हणायची, "आज भूक लागलीया त्येंनी," आणि मी मोजून पाहिलं की मळी खरंच संपलेली असायची. तिला आणि फोरमनला एकमेकांचं पटकन कळायचं. कधी कधी मला वाटायचं, शिकलेली म्हणून मीच मधे लुडबुडतेय. दिवाळीच्या पहिल्या दिवशी आई वस्तीवर परत गेली. पाडव्याला फोरमननं मला ग्लास दाखवला. कारखान्याची पाटी पुन्हा वाचता येत होती.

नमुना घ्यायला अधिकारी आले. त्यांनी बाटल्या भरल्या, टाकीत वाकून पाहिलं, रुमाल नाकाला लावला. पंधरा दिवसांनी निकाल आला. पास. सुभेदारसाहेबांनी पेढे आणले आणि पहिला फोरमनला दिला. मला वाटलं होतं मी नाचेन. मी नुसती टाकीच्या पायरीवर बसून राहिले. हे आमच्या मातीतल्या जीवाणूंनी केलं होतं, आमच्या मळीवर आणि आमच्या गुळावर, आणि बर्फाच्या पेटीतून आलेलं त्यात काही नव्हतं.

फलक नव्यानं रंगवला. पहिली सूचना आता अशी आहे: टाकी धुवायची नाही. खंडेनवमीलाही नाही. आणि शेवटची, जी फोरमननं स्वतः सांगून लिहून घेतली: तळाला थोडं ठेवायचं.

कायमच्या मंजुरीसाठी एक अर्ज भरायचा होता. त्यात एक रकाना होता, जीवाणूंचा स्रोत. आधीच्या दोन्ही नमुन्यांच्या अर्जांत मी तिथं माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेचं नाव लिहिलं होतं. या वेळी आईचं लिहिलं, पूर्ण नाव आडनावासह, खाली वस्तीचा पत्ता. अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी चष्मा वर करून विचारलं, "ही कुठली संस्था?"

"जुनी आहे," मी म्हणाले. "माझ्या जन्माच्या आधीची."

त्यांनी शिक्का मारायला हात उचलला तेवढ्यात मी म्हणाले, एक मिनिट. बाहेर व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला आणि सांगितलं की सरकारी कागदावर तुझं नाव लागलंय. मला वाटलं ती लाजेल, नाहीतर रडेल.

"आन् त्या दोघींचं?" तिनं विचारलं.

मी आत गेले आणि कागद परत मागून घेतला. रकाना भरून गेला होता. चुलतीचं आणि वहिनीचं नाव मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात, पण वाचता येईल असं. मग म्हणाले, "आता मारा शिक्का."